चालती गाडी बंद पडली की दोष बॅटरीचाच?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: जुनी गाडी चालता चालता बंद पडली आणि परत सुरू होत नसेल, तर दहापैकी नऊ वेळा बॅटरीच गेलेली असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप द्या, नाहीतर धक्का मारा. सेल्फ मारत राहा, कधीतरी पकडतेच. सीएनजी असेल तर पेट्रोलची चिंता नको. आणि एवढं करूनही नाही जमलं तर समजा, ई-२० पेट्रोलने (म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) टाकीतला पेट्रोलचा पंप खाल्ला.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य जुनी गाडी वापरणाऱ्याला खड्ड्यात घालणारं आहे. मी स्वतः त्यात पडलोय.

आमची गाडी २००६ ची, पेट्रोलवरची. मे महिन्यात भर दुपारी घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये रांगत असताना इंजिन एकदम गप्प झालं. आचका नाही, खोकणं नाही, बटण दाबून दिवा विझवावा तसं. मदतीला आलेल्या माणसाने बॉनेट उघडायच्या आत निदान केलं, "बॅटरी." नवी बॅटरी येऊन बसेपर्यंत पाऊण तास गेला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आमची खात्री पटली. चौथ्या दिवशी ऐरोली पुलाच्या अलीकडे तीच गत, नव्या बॅटरीसकट. मग कळव्याच्या एका मेस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?" काटा शून्यावरच होता. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर तापला की मरत होता आणि थंड झाला की जिवंत होत होता. पहिल्या दिवशी गाडी सुरू केली ती त्या पाऊण तासाने. सगळ्याच गाड्यांत काटा अशी साक्ष देत नाही, पण जिथे देतो तिथे हा प्रश्न नव्या बॅटरीचे पैसे वाचवतो.

म्हणून पहिल्या दाव्यावर मी जास्त बोलणार. बॅटरीचं मुख्य काम इंजिन सुरू करणं. एकदा ते सुरू झालं की गाडीला वीज पुरवतो अल्टरनेटर, ज्याला बरेच मेस्त्री अजून डायनॅमो म्हणतात. बंद गाडीत चांगल्या बॅटरीला व्होल्टमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४. अल्टरनेटर गेला तर बॅटरी हळूहळू रिकामी होऊन गाडी बंद पडते, हे खरं. पण ती बहुधा सांगून पडते. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, हेडलाइट पिवळट होतात, वायपर रेंगाळतो, हॉर्न बसतो. अचानक सगळंच काळं झालं, मीटरचे दिवेसुद्धा, तर आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. जुन्या गाडीत ते सैल झालेले किंवा पांढऱ्या बुरशीने माखलेले असतात.

आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, फक्त पकडत नाहीये, तर बॅटरीचा विषय तिथेच संपला. फिरवण्याचं काम तिने केलंय. आता बघायचं ते पेट्रोल पोचतंय का, प्लगला करंट येतोय का आणि टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) जागेवर आहे का. चावी ऑनवर नेऊन दोन सेकंद कान द्या. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाची बारीक घरघर येते. आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच) बघा, पंप नंतर. बंद पडण्याआधी गाडी आचके देत होती का, हेही आठवा. आचके बहुतेकदा पेट्रोल कमी पडल्याचे, आणि एका क्षणात बंद पडणं बहुतेकदा विजेच्या बाजूचं.

धक्क्याचा सल्लाही मला खटकतो. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, अशा गाडीला धक्का देऊन मिळणार काय? उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होऊ शकतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही.

"सेल्फ मारत राहा" हे त्याहून वाईट. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि हात आवरा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पावसात वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम इंजिन उतरवण्यापर्यंत जातं.

सीएनजीवाल्यांनी टाकी कोरडी ठेवू नये. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. तळाशी दोन लिटर ठेवून वर्षानुवर्षं चालवलं तर तो तापून लवकर जातो. मात्र सीएनजी असण्याचा एक फायदा मेसेजमध्ये यायला हवा होता. किटच्या बटणावरून थेट सीएनजीवर सुरू करता येत असेल तर करून बघा. चालली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. दोन्हींवर हूं का चूं नाही, तर प्लग, कॉइल, सेन्सर, बेल्ट.

ई-२० बद्दल लोकांची चीड मला समजते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत, आणि जुने रबरी पाइप, सील यांना इथेनॉलचा त्रास होऊ शकतो. पण तो झिजेचा, महिन्यांचा मामला आहे. पंपाची घरघर ऐकू येत असताना पेट्रोलला दोष देऊन पंप बदलणं म्हणजे माझ्या बॅटरीचीच गोष्ट परत घडवणं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सगळ्याच्या आधी करायची. सायन-पनवेल हायवेवर किंवा मुंब्रा बायपासला गाडी बंद पडली तर वेग आहे तोवर डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसं कठड्यापलीकडे उभी करा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, तेव्हा जोर लावायची तयारी ठेवा. मग मेस्त्रींना फोन करून एवढंच सांगा: कशी बंद पडली, मीटरचे दिवे लागतायत का, सेल्फला इंजिन कसं फिरतंय, तापमानाचा काटा कुठे आहे.