विजया तेलातली गाद, सैल सील आणि न मिळालेला रिपोर्ट: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की आमच्या विजया तेलाच्या (म्हणजे भांगेच्या पानांच्या औषधी तेलाच्या) तळाशी काळपट गाद आहे, झाकणाखालचं सील सैल होतं, लॅब रिपोर्टसाठी आठ दिवस टोलवाटोलवी झाली, आणि ‘भांगेच्या पानांचं औषध असंच कुठेतरी शेडमध्ये उकळत असणार’. आईंची केमो चालू असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून आधी महत्त्वाचं: ती बाटली वापरू नका. गाद कशामुळेही आलेली असो, प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या पोटात सैल सीलचं औषध जाता कामा नये.

तुमच्या बॅचचा राखीव नमुना काल मी स्वतः उघडून उजेडात धरला. तळाशी तशीच गाद. म्हणजे वाटेत काही झालेलं नाही, चूक आमच्या रबाळ्याच्या कारखान्यातच झाली. नोंदवही काढली तर कारणही सापडलं. तेल कढवून गाळल्यावर आम्ही ते सात दिवस निवळू देतो आणि मग वरचं तेल बारीक फिल्टरमधून काढतो. ही बॅच तिसऱ्याच दिवशी भरायला घेतली, कारण ऑर्डरी अडल्या होत्या. परवानगीची सही माझी आहे.

तेल सिद्ध करताना पाण्याचा अंश राहिला की ते खवट होतं. त्यासाठी कढईतला कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा लगदा) बोटांनी वळून त्याची वात करायची आणि ज्योतीवर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, आवाज न करता जळली तर तेल झालं. ही जुनी परीक्षा आम्ही दर घाण्याला करतो आणि वर यंत्रावरही ओलावा मोजतो. या बॅचच्या दोन्ही नोंदी ठीक आहेत, त्यामुळे गाद म्हणजे पानांचा बारीक चोथा असावा असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर तुमच्या आईंनी का विसंबावं? नमुना पुन्हा तपासणीला दिलाय आणि अहवाल येईपर्यंत त्या बॅचची विक्री थांबवली आहे. तेलाचा गडद रंग मात्र दोष नाही, पान कढवल्यावर तो येतोच.

शेडबद्दलचं म्हणणं मला मान्य नाही. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा; फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. आम्ही फक्त पान घेतो, तेही परवान्यावर. औषध नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये, म्हणजे आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे, म्हणूनच लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा असतो.

आणि पान डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. त्यामुळे प्रत्येक लॉटमध्ये शिसं 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग), आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 या मर्यादेच्या आत आहे ना, ते तपासून घेतो. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जंतू तर अजिबात चालत नाहीत. बुरशीचं दुखणं वेगळंच, त्यात आपल्याकडचा पावसाळा. गेल्या जुलैत एक गोणी उघडली. पान हिरवंगार होतं, पण कोपरापर्यंत हात घातला तर मधे कोमट लागलं आणि बंद पेटीतल्या गोधडीसारखा कुबट वास आला. अख्खा लॉट परत केला. तेव्हापासून पानांच्या खोलीत हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू असतो.

एवढं सगळं तपासून त्याचा कागद तुम्हाला आठ दिवस मिळू नये, याची मला खरी लाज वाटते. रिपोर्ट फाइलमध्ये होता, पण पाठवायचा कुणी हे आमच्याकडे ठरलेलंच नव्हतं. आता ते काम एका व्यक्तीकडे दिलंय, आणि पुढच्या बॅचपासून अहवालाची प्रत खोक्यातच असेल. सील बसवणाऱ्या यंत्राची दुरुस्ती आजच झाली.

बाटली टाकून देऊ नका, ती आम्हाला तपासायला हवी आहे. उद्या आमचा माणूस ठाण्याला येऊन घेऊन जाईल आणि जुन्या रिपोर्टची प्रत हातात देईल. पैसे आजच परत करतो. बदली बाटली मी आत्ता पाठवत नाही. नवा अहवाल आला की आधी तुमच्या वैद्यांना दाखवा. ते हो म्हणाले तरच पाठवेन. आईंनी आतापर्यंत किती थेंब घेतले तेही वैद्यांना आणि केमोच्या डॉक्टरांना आजच सांगा.