डुरियनच्या पाटीखाली

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सरकत्या पट्ट्यावरून आमच्या चारपैकी तीन बॅगा आल्या. चौथी आलीच नाही. तिच्यात आप्पाचे सगळे कपडे होते, त्याचं आम्हाला फारसं काही नव्हतं. पण दशम्या, शेव आणि किलोभर लसणाची चटणीही तिच्यातच होती. जळगावचा माणूस निघताना पासपोर्ट एकदा बघतो, चटणीचा डबा तीनदा.

‘बॅगेत काय होतं?’ काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

‘गार्लिक. चिली. व्हेरी पॉवर!’ आप्पा छातीवर हात ठेवून म्हणाला.

तिने थोडा विचार करून फॉर्मवर ‘औषध’ लिहिलं. चुकलं म्हणता येणार नाही.

हॉटेलच्या दारावर पाटी होती: काटेरी फळावर लाल फुली. डुरियन आत आणायला बंदी, वास येतो म्हणून. ‘एवढ्याशा वासाला काय घाबरतात भो!’ नाना म्हणाला.

मे महिना. आमच्याकडे ऊन भाजून काढतं, इथे वाफवून काढत होतं. आप्पाने फुटपाथवरून हत्तीछाप पायजमा घेतला आणि ‘वाट अरुण’ मंदिरापासून चाओ फ्राया नदीतल्या बोटीपर्यंत तोच मिरवला. फोटोत मंदिर मागे, हत्ती पुढे.

नाना रावेरचा केळीवाला. निखाऱ्यावर भाजलेली बोटभर केळी बघून त्याला गहिवरूनच आलं. ‘आमच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय,’ हे त्याने विक्रेत्याला मराठीत सांगितलं. ‘असल्या मालाला आमच्याकडे व्यापारी गाडीसुद्धा थांबवणार नाही,’ म्हणाला, आणि सहा खाल्ली.

तिसऱ्या रात्री एका गाडीवर हिरवी लांब वांगी निखाऱ्यावर भाजताना दिसली. सालीचा तो करपट वास! चौघेही जागीच थबकलो. बाई वर उकडलेलं अंडं, सुकी कोळंबी आणि माशाचा सॉस घालायला निघाल्या, तेवढ्यात आप्पाने त्यांचा हातच धरला. मग हातवारे करून मिरच्या, लसूण, शेंगदाणे जमवले. शेजारी पपईची कोशिंबीर कुटायचं उखळ होतं. आप्पाने मुसळ हातात घेतलं आणि हत्तीछाप पायजम्यात, घामाघूम होत, भरीत कुटलं. बाईंनी चाखलं, डोळे पुसले आणि आणखी मागितलं. आमच्यापुरतं कसंबसं उरलं.

परतलो तर बॅग आली होती. रिसेप्शनवाल्याने मात्र ती आत घेतली नव्हती. दाराबाहेर, बरोबर त्या पाटीखाली ठेवली होती.