कलम 4 ची माहिती अद्ययावत करायचीय? टेन्शन घेऊ नका, फक्त साल बदला

मार्च संपत आला की वरच्या ऑफिसातून एक पत्र येतं, वर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का, आणि साहेब ते पूर्ण न वाचताच कोपऱ्यात तुमचं नाव टाकून सही ठोकतात. झालं, आता माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मधलं कलम 4(1)(ख) तुमच्या गळ्यात. ऑफिसात याला कोणी कलमाने ओळखत नाही, सगळे 'एक ते सतरा' म्हणतात, कारण त्यात सतरा मुद्दे आहेत आणि सतराच्या सतरा प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करायचे, कोणी अर्ज करायची वाट न बघता. कायदा म्हणतो पहिल्यांदा 120 दिवसांत प्रसिद्ध करा आणि नंतर दरवर्षी अद्ययावत करा. ती पहिली आवृत्ती तुमच्या टेबलावर पूर्वी बसून गेलेल्या कुणीतरी रात्री जागून टाइप केलेली असते, त्या माणसाला मनोमन हात जोडा, कारण आपण सगळे इतकी वर्षं त्याच्याच मेहनतीवर जगतोय.

म्हणून पहिला सल्ला, नवीन काही लिहायला बसू नका. गेल्या वर्षीची वर्ड फाइल शोधा, कव्हरवरचं साल बदला, खाली 'दि. 31 मार्च अखेर अद्ययावत' लिहा आणि सहीला ठेवा. काही हुशार लोक फाइंड अँड रिप्लेस मारतात, म्हणजे 2024 च्या जागी सगळीकडे 2025, चहा येईपर्यंत काम खल्लास. यात एवढंच होतं की आत कुठे 29 फेब्रुवारी 2024 चं परिपत्रक असेल तर ते 29 फेब्रुवारी 2025 चं होऊन बसतं, म्हणजे कॅलेंडरमध्ये नसलेल्या दिवशी निघालेलं परिपत्रक. असू द्या. सहा सह्या होतात त्याच्यावर, एकालाही दिसत नाही, आणि ज्याला दिसेल तो नागरिक असेल, त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं.

31 मार्च ही तारीख मात्र सोडू नका, फार सोयीची आहे. आपल्याकडे बदल्यांचा कायदा सांगतो की सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या, म्हणजे तुम्ही मार्चअखेरची अधिकाऱ्यांची यादी (मुद्दा नऊ) अगदी प्रामाणिकपणे केलीत तरी जूनपर्यंत निम्मी नावं दुसऱ्या तालुक्यात गेलेली असतात आणि तुमची यादी शिळी होते तीसुद्धा पूर्ण कायदेशीर मार्गाने. मग पुढच्या मार्चपर्यंत कोणी हात लावायचा नाही, कारण अपडेट वार्षिक आहे ना.

मुद्दा सोळा, जन माहिती अधिकाऱ्याचं, म्हणजे माहितीच्या अर्जांना उत्तर देणाऱ्याचं, नाव. इथे रिटायर झालेले साहेब तसेच ठेवावेत. त्यांचा मोबाइल नंबरही ठेवावा. त्यांना दुपारी झोपेतून उठवून लोक 'साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं' असं विचारतात, तेही बिचारे दोन मिनिटं खुश होतात की अजून आपल्याला कोणी साहेब म्हणतंय, आणि इकडे तुमच्या टेबलावरचा फोन शांत राहतो. फॅक्स नंबर तर काढायचाच नाही. मशीन कधीच निर्लेखित झालं असेल, पण नंबर असला की यादी भरल्यासारखी दिसते.

मुद्दा दहा, मासिक वेतन. सातवा वेतन आयोग राज्यात 2019 ला लागू झाला, तोही 1 जानेवारी 2016 पासूनच्या फरकासकट, आणि फरकाचा प्रत्येक हप्ता कोणत्या महिन्यात यायला हवा होता हे स्टाफमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. पण एक ते सतरामध्ये लिपिक अजून 5200-20200, ग्रेड पे 1900 या जुन्या वेतनश्रेणीवरच बसलेला दिसेल. तिथेच बसू द्या त्याला. कामकाजाच्या वेळेचंही तेच, पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला, ऑफिस सकाळी 9:45 ते संध्याकाळी 6:15, पण साइटवर 'दुसरा व चौथा शनिवार सुट्टी' हे वाक्य ठेवलं की पहिल्या शनिवारी दोन एसट्या बदलून एखादे आजोबा येतात, कुलूप बघतात आणि परत जातात. तुम्हाला काहीच करावं लागत नाही. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झाल्यावर बाहेरच्या पाट्या लगेच बदलल्या, त्या बदलाव्याच लागतात, पाट्यांचे फोटो निघतात. एक ते सतराच्या पानांवर जुनीच नावं आहेत, त्याचे फोटो कोण काढतंय.

बाकीचे काही मुद्दे झटपट उरका. मुद्दा तीन, निर्णय घेण्याची पद्धत: टिपणी लिपिकाकडून निघते, अव्वल कारकून, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार, बाण काढून दाखवायचं, छान दिसतं. निर्णय प्रत्यक्षात फोनवरून वरून खाली येतो आणि टिपणी त्याच्या मागून चढत जाते, पण त्यासाठी कायद्याने वेगळा मुद्दा दिलेला नाही म्हणून आपणही बाण उलटे काढायचे नाहीत. मुद्दा सात, जनतेशी सल्लामसलतीची व्यवस्था: 'लोकशाही दिन'. तक्रार ऐकणं आणि सल्ला घेणं यात फरक आहे असं कोणी म्हणालं तर त्याला पहिल्या सोमवारी, म्हणजे लोकशाही दिनाला, जिल्ह्याला पाठवा. मुद्दा आठ, समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का? नाही. कार्यवृत्त मिळेल का? मागणीनुसार. मुद्दा चौदा, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती: 'होय.' एवढंच. मुद्दा पंधरा, वाचनालयाची वेळ: निरंक, म्हणजे काही नाही. जिथे डोकं चालवावं लागेल असं वाटेल तिथे निरंक लिहून पुढे व्हा, पान रिकामं राहत नाही आणि खोटंही लिहिल्यासारखं होत नाही.

आता खरं कौशल्याचं काम येतं पाच आणि सहाला. आपल्या ताब्यात कोणकोणती कागदपत्रं आहेत त्याची यादी, म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा जीव म्हणा. त्याच्याच वर, कलम 4(1)(क) मध्ये, सगळे अभिलेख सूची आणि निर्देशांक करून ठेवा असंही म्हटलेलं आहे. इथे चुकूनही भावनेच्या भरात खरी यादी करू नका. नवीन लागलेली एखादी पोरगी असते, स्पर्धा परीक्षेतून आलेली, तिला वाटतं रेकॉर्ड रूम उघडू, गठ्ठे खाली काढू, कोणत्या सालच्या कोणत्या फायली कुठल्या रॅकवर ते एक्सेलमध्ये टाकू. तिला प्रेमाने बाजूला घ्या. सांगा, बाई गं, यादीत जे आलं ते आहे असं आपण लिहून दिलं. उद्या कोणी म्हणालं 1998 चा अमुक फेरफार दाखवा, आणि तू लिहिलंयस रॅक चार, कप्पा दोन, तर मग तो तिथून काढून द्यावा लागेल, आणि तिथे नसला तर तो कुठे गेला, कोणाच्या काळात गेला, शेवटचा कोणी नेला हे सगळं लिहावं लागेल. आणि यादीच नसेल तर? 'सदर अभिलेख शोध घेतला असता आढळून येत नाही.' एक ओळ. शोध घेतला असता म्हणजे शिपाई मामांनी रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहून आत बघितलं. लाइट गेलेले, पलीकडून उंदराची खुडबुड, मामा म्हणाले नाही दिसत. कोण म्हणेल शोध घेतला नाही?

म्हणून तिथे लिहायचं ते असं: 'अभिलेखांचे वर्गीकरण: अ, ब, क, क-1, ड.' खाली किती वर्षं जपायचं त्याचा एक तक्ता, अ कायम, ब 30 वर्षं, क 10, क-1 पाच, ड एक वर्ष. त्या प्रत्येक अक्षराखाली तुमच्या ऑफिसात नेमकं काय पडलंय त्याचा एक शब्द नाही. सहा गठ्ठा पद्धत (फायली सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावायची) राबवली जाते असंही वाक्य टाका, तपासणीला येणाऱ्यांना ते वाचून बरं वाटतं. सहा गठ्ठ्यांपैकी नष्ट करायचा गठ्ठा सोडून बाकीचे कुठे आहेत हे विचारायची पद्धत नाही.

बारा आणि तेरा हे मात्र जपून. अनुदानाचे लाभार्थी कोण, रक्कम किती, आणि सवलती-परवाने-प्राधिकारपत्रं कोणाला दिली. गावातल्या माणसाला एक ते सतरापैकी खरोखर वाचावंसं वाटतं ते एवढंच. घरकुल कोणाला मिळालं, विहीर कोणाच्या शेतात झाली, मुरूम काढायचा परवाना कोणाच्या नावावर आणि काढतोय कोण. ही यादी संगणकात असते, नावागावानिशी, कारण पैसे त्यावरूनच खात्यात जातात, म्हणजे ती साइटवर टाकायला कोणाला वेगळं काही करावंच लागत नाही. तरी तुम्ही लिहायचं, 'यादी कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध आहे'. माणूस यादी पाहायला आला की ज्यांच्याकडे ती आहे ते साहेब दौऱ्यावर. परवा या. परवा आला की मीटिंग. तिसऱ्यांदा येतो तेव्हा तो अर्ज घेऊनच येतो, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेलं असतं, आणि मग तुम्ही स्टाफरूममध्ये सांगायला मोकळे की हल्ली लोकांना आरटीआयचा नादच लागलाय.

काही टाकायचंच असेल तर स्कॅन करून टाका. वर्डमध्ये टाइप केलेलं पान प्रिंट करायचं, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग ते स्कॅन करायचं, थोडं तिरकं, वरच्या कोपऱ्यात पंचचं भोक, कडेला धरणाऱ्याच्या अंगठ्याची सावली, आणि मधलं पान उलटं. अशा पीडीएफमध्ये नाव टाकून सर्च केलं तर काहीही सापडत नाही, कारण मशीनच्या दृष्टीने तो फोटो आहे. मूळ फाइल द्यायचीच वेळ आली तर ती जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली द्या, घरच्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात, स्थानिक भाषेत माहिती द्या असं कलम 4(4) म्हणतं ते आपण दिलीच की, दिसत नसेल तर त्यांच्या कॉम्प्युटरचा दोष. लिंकशेजारी लाल रंगात लुकलुकणारं 'न्यू' ठेवायला विसरू नका, ते एकदा लावलं की वर्षानुवर्षं नवीनच राहतं.

तुम्ही म्हणाल, पण कोणी तक्रार केली तर? आता कायद्याचं बारकाईने वाचन करू, आपल्या फायद्याचं असेल तेव्हा करायला हरकत नाही. कलम 20 मध्ये दंड आहे, दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, तोही जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. पण तो अर्ज घेतला नाही, मुदतीत उत्तर दिलं नाही, जाणूनबुजून चुकीची माहिती दिली अशा गोष्टींसाठी. एक ते सतरा शिळं ठेवलं म्हणून इतके रुपये अशी ओळ तिथे नाहीच. माहिती आयोग फार तर प्रसिद्ध करा असा आदेश देईल नाहीतर कलम 25(5) खाली शिफारस करेल, आदेशाला अनुपालन अहवाल पाठवायचा आणि शिफारशीला आवक नंबर द्यायचा. ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम 4 ची अंमलबजावणी होते की नाही यावर केंद्र आणि राज्यांच्या माहिती आयोगांनी सतत लक्ष ठेवावं, त्रयस्थ संस्थेकडून ऑडिटसुद्धा. घाबरू नका हो. ऑडिटवाल्यांकडे तक्ता असतो, मुद्दा आहे किंवा नाही. सतरा मथळे ठळक टाइपात असले की सतरा टिकमार्क. मथळ्याखाली निरंक आहे की 2011 ची नावं आहेत यासाठी तक्त्यात कॉलम असेलच असं नाही, आणि असला तर तुमची तोवर बदली.

आणखी एक गंमत आहे, पोटकलम 4(2) मध्ये. तिथे म्हटलंय की कार्यालयांनी इतकी माहिती आपणहून द्यावी की लोकांना हा कायदा वापरायची वेळच कमीत कमी यावी. म्हणजे अर्ज कमी करायचा उपाय कायद्यातच लिहिलाय, आणि तो आपल्याच हातात आहे, आणि अर्जांमुळे काम होत नाही अशी तक्रारही आपलीच. या विरोधाभासाकडे साहेबांचं लक्ष वेधू नका. त्याऐवजी हिशोब पाहा. जी यादी एका क्लिकवर दिसायला हवी होती तिच्यासाठी माणसाने 10 रुपये भरून, 150 शब्दांत, एकाच विषयावर अर्ज करायचा, 30 दिवस थांबायचं, मग 20 रुपये लावून पहिलं अपील, त्याला 30 नाहीतर 45 दिवस, मग आणखी 20 रुपये आणि आयोगाकडे दुसरं अपील, तिथला नंबर लागेपर्यंत लाभार्थी घरकुलात राहायला जाऊन वर एक मजलाही चढवतो. एवढं करूनही चिकाटीने मागे लागणारे निघतात, त्यांच्यासाठी ऑफिसात 'सराईत अर्जदार' असं एक रजिस्टर असतं. ते मात्र नीट लिहिलेलं असतं बरं का, नाव, पत्ता, किती अर्ज, कोणकोणत्या विषयावर, वर्षवार. त्याचं अपडेट कोणाला सांगावं लागत नाही, पत्रही यावं लागत नाही.

आणि एखादा महाभाग हेच विचारतो, की तुमच्या कार्यालयाने कलम 4 ची माहिती शेवटची कधी आणि कोणी अद्ययावत केली, त्याची टिपणी आणि मंजुरीची प्रत द्या. याला अजिबात हलक्यात घेऊ नका, 30 दिवस पूर्ण वापरा. एकोणतिसाव्या दिवशी जावक नंबर टाकून साध्या टपालाने उत्तर पाठवा: 'आपण मागणी केलेली माहिती कार्यालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, कृपया अवलोकन व्हावे.' खाली अपिलीय अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. ते मुद्दा सोळामधून कॉपी करा.