जानेवारीत शिडी चढू नका

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर कालपासून एकच विषय चाललाय. ६ जानेवारी होऊन गेली, ख्रिसमसच्या बारा रात्री संपल्या, तरी लोकांच्या वळचणीला दिव्यांच्या माळा अजून कशा? काहींनी थेट 'आळशी' असा शब्द वापरलाय. आज सकाळी इथे कॅनडातल्या कॅल्गरीत उणे २४ होतं. अशा थंडीत कुणाला शिडीवर चढायला लावणं मला अजिबात पटत नाही.

चार वर्षांपूर्वी याच लोकलाजेपायी नवऱ्यानं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिडी लावली होती. ड्राइव्ह-वे स्वच्छ झाडलेला होता, पण शिडीच्या पायाखाली काचेसारखा पातळ बर्फ होता. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. त्यानं ओढलेली माळ नंतर मी हातात घेतली, तर वायरीवरचं आवरण जागोजागी तडकलेलं. हे आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. कडाक्याच्या थंडीत ते वाळक्या शेंगेसारखं होतं, वाकवलं की चिरतं. एलईडीला थंडी बाधत नाही. बिघडतं ते आवरण, नाहीतर प्लगचा जोड.

त्यात आमच्याकडे चिनूक. पॅसिफिककडून आलेला वारा रॉकी पर्वत चढताना आपलं पाणी तिकडेच टाकतो आणि इकडे उतरताना तापत येतो. सकाळी उणे १५, दुपारी अधिक ८ असं इथे होतं. छतावरचा बर्फ वितळून पन्हळीतून पाणी माळांवर ठिबकतं, बल्बच्या खोबणीत शिरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी फुगतं आणि खोबणी फुटते. मग बाहेरचं जीएफसीआय सॉकेट (आपल्याकडच्या ईएलसीबीचा भाऊच) गळती ओळखून वीज तोडतं. ते पुन्हा पुन्हा पडत असेल तर रीसेट करत बसू नका, ओला जोड शोधा.

पुष्कळ जण हे जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून चिकटपट्टी गुंडाळतात. आम्हीही तेच करायचो. पण आत दमट हवा कोंडते, तिचं पाणी होतं आणि ते बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यापेक्षा जोड जमिनीपासून वर, तोंड खाली करून टांगावा. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळातूनच गळून जातं. एक्स्टेंशन कॉर्डवर डब्ल्यू अक्षर आहे का, तेवढं बघा. ते बाहेरच्या वापराचं चिन्ह आहे. आणि स्टेपल मारून वायर कधीही ठोकू नका, पन्हळीच्या क्लिपा स्वस्त मिळतात. हवा भरलेले सांताक्लॉज जोराचा वारा सुटला की बंद करून आवरून ठेवावेत. ते बर्फाखाली गोठले तर ओढून काढू नयेत, कापड हमखास फाटतं.

आमच्या माळा दिवाळीतच चढतात, बोटं उघडी ठेवता येतात तेव्हा. सोबत आकाशकंदील. कागदाचा पहिल्याच हिमवर्षावात लगदा झाला. तेव्हापासून निवडणुकीच्या पाट्यांचं पन्हळी प्लास्टिक कापून करतो. त्याच उजेडात दिवाळी आणि ख्रिसमस दोन्ही होतात. शेजारच्या युक्रेनियन आजोबांच्या घरी तर ख्रिसमस अजूनही ७ जानेवारीला असतो. त्यांनी दिवे ६ तारखेला काढायचे?

माळा कायमच्या तिथे राहाव्यात असं मी म्हणत नाही. अनेक खोक्यांवर ९० दिवसांची मर्यादा छापलेली असते आणि पुढे उन्हानंही आवरण खराब होतं. पण नोव्हेंबरच्या मध्यावर लावलेल्या माळेला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुदत आहे. तोवर एखादा तरी चिनूक येतोच. दिवे बंद ठेवा, प्लग काढा आणि वाट बघा. एखाद्या विझलेल्या माळेनं वस्तीची शोभा जात नाही.

शनिवारी अधिक ६ चा अंदाज आहे. वारा नसेल तर दुपारी आम्ही आधी आजोबांच्या माळा उतरवणार, मग आमच्या. वस्तीत कुणाकडे शिडी धरायला दुसरं माणूस नसेल तर मला मेसेज करा, मी येते.