अलेक्सी आणि मारिया अजून बाहेरच आहेत

आज 17 जुलै. दरवर्षी या दिवशी तोच फोटो फिरतो. पांढऱ्या झग्यातल्या चार बहिणी आणि खलाशाच्या पोशाखातला त्यांचा धाकटा भाऊ. रशियाचा शेवटचा झार, म्हणजे सम्राट, निकोलस याची ही मुलं, 1918 मध्ये याच तारखेला आई-बापांसकट मारली गेलेली. खाली कुणी लिहितं, "लेकरांनी काय पाप केलं होतं?" लगेच दुसरं कुणी विचारतं, "झारशाहीत मेलेल्यांसाठी कोण रडलं?" दोन्हीकडे माझी जवळची माणसं आहेत, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचा.

सुरुवात मुंबईपासून करते. डिसेंबर 1890 मध्ये 'पाम्यात अझोवा' ही रशियन युद्धनौका मुंबई बंदरात आली. तिच्यावर दोन सख्खे भाऊ होते. थोरला निकोलस 22 वर्षांचा, रशियाचा युवराज. धाकटा गिओर्गी 19 वर्षांचा. थोरला पुढे आग्रा, दिल्ली, बनारस, कलकत्ता पाहत फिरला. धाकट्याची छाती बिघडली, ताप हटेना, आणि मुंबईहूनच त्याला परत पाठवावं लागलं. क्षय होता. पुढची बहुतेक वर्षं त्यानं कॉकेशसच्या डोंगरातल्या आबास्तुमानीला काढली आणि 1899 मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो तिथेच गेला. फिरायला बाहेर पडला असताना रस्त्यातच रक्ताची उलटी झाली आणि एका खेडूत बाईनं त्याला शेवटच्या क्षणी सावरलं. हा मुंबईहून माघारी गेलेला भाऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरला जपानला पोचला. मे 1891 मध्ये ओत्सू गावात बंदोबस्ताच्याच एका पोलिसानं त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. जीव वाचला. रक्तानं माखलेला सदरा मात्र जपून ठेवला गेला. तोही पुढे लागेल.

1894 मध्ये वडील वारले आणि हा मुलगा सव्वीस वर्षांचा असताना झार झाला. झार म्हणून त्याच्याबद्दल चांगलं लिहायला माझा हात धजत नाही. 1896 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर भेटवस्तू घ्यायला जमलेल्या गर्दीत चेंगरून 1389 माणसं मेली, आणि त्याच रात्री तो फ्रेंच राजदूताकडच्या नाचाच्या समारंभाला गेला. 1897 च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'रशियाच्या भूमीचा मालक'. जानेवारी 1905 मध्ये पीटर्सबर्गचे कामगार बायकापोरांसह, हातात देवाच्या तसबिरी आणि झारचीच चित्रं घेऊन, अर्ज द्यायला निघाले. सैन्यानं गोळ्या घातल्या. सरकारी आकड्यानुसारच शंभराहून जास्त माणसं मेली. झार त्या दिवशी शहरात नव्हता, पण सैन्य त्याचं होतं. ज्यूंवरचे हल्ले, फाशा, महायुद्धात बंदुकीविना आघाडीवर उभे केलेले शेतकरी, हे सगळं त्याच्या हिशेबात आहेच. ज्यांना 'झारशाहीत मेलेले' आठवतात त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं.

रोमानोव्ह घराणं 1613 मध्ये गादीवर आलं. देशभरच्या प्रतिनिधींच्या सभेनं सोळा वर्षांच्या मिखाईलला निवडलं, आणि निवड कळवायला लोक कोस्त्रोमाच्या इपातिएव्ह मठात गेले. 304 वर्षांनी, मार्च 1917 मध्ये, पस्कोव्हला आगगाडीच्या डब्यात निकोलसनं राजीनाम्यावर सही केली. स्वतःसाठी आणि आजारी मुलासाठीही. गादी दुसऱ्या भावाला, मिखाईलला दिली. त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं की लोकांनी निवडलेली घटनासभा म्हणेल तरच घेईन. ती वेळ कधी आली नाही. जून 1918 मध्ये पेर्मजवळ बोल्शेविकांनी त्याला मारलं.

महिनाभरानं येकातेरिनबुर्ग, जिथे बोल्शेविकांनी झारच्या कुटुंबाला कैदेत ठेवलं होतं ते शहर. घराचं नाव पुन्हा इपातिएव्ह. 16 आणि 17 जुलैच्या मधल्या रात्री कुटुंबाला उठवून तळघरात नेलं. ओल्गा 22, तात्याना 21, मारिया 19, अनास्तासिया 17, अलेक्सी 13. मुलींच्या कपड्यांत हिरे शिवलेले होते, त्यांवरून गोळ्या घसरल्या, आणि मग संगिनी वापरल्या. याहून जास्त मला लिहवत नाही. बापाचा हिशेब कितीही मोठा असो, रक्त थांबत नाही अशा आजाराच्या तेरा वर्षांच्या पोराला तळघरात मारण्याचं समर्थन मी कुठल्याच विचारसरणीच्या नावानं ऐकून घेणार नाही.

आणि त्या खोलीत अकरा माणसं होती. आई-बाप आणि पाच मुलं सोडून उरलेली चार म्हणजे डॉक्टर येवगेनी बोत्किन, मोलकरीण आन्ना देमिदोवा, आचारी इव्हान खारितोनोव्ह आणि नोकर अलेक्सी त्रुप. ही माणसं आपणहून बरोबर राहिली होती. कष्टकऱ्यांच्या नावानं केलेल्या क्रांतीनं त्या रात्री एक मोलकरीण आणि एक आचारीही मारले. रशियन चर्चनं 2000 मध्ये झारच्या कुटुंबाला संत ठरवलं, डॉक्टरांना 2016 मध्ये. देमिदोवाला त्या वेळी ठरवलं नाही. मला या बाईचा विसर पडत नाही.

प्रेतं जंगलात पुरली. 1979 मध्ये दोन हौशी संशोधकांना हाडं सापडली, पण सोव्हिएत काळ असल्यामुळे त्यांनी तोंड बंद ठेवलं. 1991 मध्ये अधिकृत खोदकाम झालं आणि नऊ जणांचे सांगाडे निघाले. झारिना म्हणजे निकोलसची बायको; तिच्या बहिणीची मुलगी म्हणजे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचे पती प्रिन्स फिलिप यांची आई. म्हणून फिलिप यांनी रक्त दिलं, आणि आईच्या बाजूनं चालत येणारा डीएनए झारिना आणि मुलींशी जुळला. निकोलसच्या बाबतीत मात्र एका जागी फरक दिसला आणि शंका उठल्या. तेव्हा 1994 मध्ये पीटर्सबर्गमधली गिओर्गीची कबर उघडली. मुंबईहून माघारी गेलेल्या त्या भावाच्या हाडांतही नेमकं तेच वेगळेपण निघालं. पंचाण्णव वर्षं कबरीत झोपलेल्या धाकट्यानं थोरल्याची ओळख पटवली! पुढे ओत्सूच्या सदऱ्यावरचं रक्तही जुळलं. स्वतःला अनास्तासिया म्हणवत जगलेल्या, 1984 मध्ये वारलेल्या आन्ना अँडरसनचा दावाही 1994 मध्येच डीएनएनं खोटा ठरला.

17 जुलै 1998 ला, बरोबर 80 वर्षांनी, पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये नऊ जणांचं दफन झालं. नोकरांचंही, त्याच दालनात. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन झुकून उभे राहिले. 1977 मध्ये ते इपातिएव्ह घर पाडलं गेलं तेव्हा तिथले पक्षप्रमुख हेच येल्त्सिन होते. चर्चला हाडांची खात्री नव्हती. धर्मगुरूंनी प्रार्थनेत एकाचंही नाव घेतलं नाही. 'ज्यांची नावं, प्रभो, तुलाच ठाऊक' असं म्हणून विधी उरकला. घराण्याची प्रमुख म्हणवणाऱ्या मारिया व्लादिमिरोव्हना आल्याच नाहीत.

इथे वंशजांचा विषय येतो. निकोलसचा थेट वंश तळघरात संपला. आज जे आहेत ते चुलत शाखांचे. चुलतभाऊ किरील यानं 1917 मध्ये राजीनाम्याआधीच आपले नौसैनिक घेऊन संसदेची वाट धरली होती, आणि 1924 मध्ये परदेशात स्वतःला सम्राट जाहीर केलं. मारिया त्याची नात. तिचा मुलगा गिओर्गी याचं लग्न 2021 मध्ये पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये थाटात झालं. दुसऱ्या शाखांना हा दावा मान्य नाही. समान दर्जाचं लग्न कुणाचं, पुरुषांची ओळ कुठे तुटली, यावर पत्रकं निघतात. नसलेल्या गादीसाठी इतकं भांडण! मला ते केविलवाणं वाटतं.

याउलट निकोलसची धाकटी बहीण ओल्गा. राजघराण्याबाहेरच्या सैनिकी अधिकाऱ्याशी लग्न केलं, डेन्मार्कमध्ये शेती केली, 1948 मध्ये कॅनडाला गेली. फुलांची, खेड्यांची जलरंगातली चित्रं काढून विकायची. 1960 मध्ये टोरंटोत एका न्हाव्याच्या दुकानावरच्या घरात वारली. झारची मुलगी आणि झारची बहीण. तिनं कधी गादी मागितली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नऊ सांगाड्यांत दोघं नव्हते. अलेक्सी आणि एक बहीण, बहुधा मारिया. त्यांचे अवशेष 2007 मध्ये जवळच सापडले. जाळलेले, हाडांचे आणि दातांचे 44 तुकडे. डीएनए जुळला. 2015 मध्ये दफन ठरलं, चर्चला आणखी तपासणी हवी होती, दफन पुढे गेलं. तुकडे मॉस्कोच्या नोव्होस्पास्की मठात ठेवले. तपासण्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि ती दोघं अजून तिथेच आहेत.

मी नऊ वर्षांची असताना आजोबा गेले. धाकट्या काकांना परगावाहून यायला सव्वा महिना लागला, तोवर अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून मागच्या चिंचेला टांगलेलं होतं. आजी रात्री उठून दारात यायची, चिंचेकडे बघायची. "बाहेर आहेत अजून," एवढंच म्हणायची.

चर्चवाल्यांची भीती मला कळते. एकदा संत मानलं की ही हाडं पूजेची होतात, चूक झाली तर काय, असं त्यांना वाटत असेल. शिवाय 1919 मध्ये या हत्येचा तपास करणाऱ्या सोकोलोव्हनं प्रेतं पूर्ण जळाली असं म्हटलं होतं, त्यावर अनेकांची श्रद्धा बसलेली आहे. पण भावाची कबर उघडून झाली, रक्ताचा सदरा तपासून झाला, मावशीच्या नातवाचं रक्त घेऊन झालं. अजून कुणाला विचारायचं उरलं आहे?

त्या रात्री अलेक्सीचा चौदावा वाढदिवस 26 दिवसांवर होता. पीटर्सबर्गला आई-बाप, तीन बहिणी, डॉक्टर, देमिदोवा सगळे एका दालनात आहेत. मॉस्कोहून तिथवर आगगाडीनं एका रात्रीचा रस्ता आहे. न्या त्या दोघांना, आणि नाव घेऊन ठेवा.