वैऱ्यासाठी प्रार्थना आणि देशावरची निष्ठा

पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या कुटुंबात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. दर फोनला तो कुठून ना कुठून निघतोच.

२२ एप्रिल २०२५ ला बैसरणच्या कुरणात २६ माणसं मारली गेली, धर्म विचारून. महाराष्ट्रातले सहा जण त्यांत होते, इंदूरचा एक ख्रिस्ती बांधव होता, आणि हल्लेखोरांना अडवू पाहणारा तिथलाच एक मुसलमान घोडेवालाही होता. मेलेल्यांत नौदलाचा एक तरुण अधिकारी होता, लग्नाला आठवडाही न झालेला. त्याच्या पत्नीने पुढे सांगितलं, की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका. आम्हाला शांतता हवी, आणि न्यायही हवा. एवढ्यावरून तिच्या चारित्र्यापर्यंत लोक गेले. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला.

परक्यांनी शिव्या दिल्या याचं दुःख एक वेळ गिळता येईल. पण माझा मावसभाऊ, ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील म्हणून सेवा करणारा आमचा दादा, मला म्हणाला, “तिने बोलायला नको होतं. आणि तू तर मुळीच बोलू नकोस. आपण आधीच संशयातले. अशा वेळी आपला आवाज सगळ्यांत मोठा पाहिजे.”

म्हणजे आपण भारतीय आहोत हे पटवण्यासाठी आपण दुसऱ्याचा द्वेष सर्वांहून जोरात करायचा. हे मला मान्य नाही, आणि ते मान्य नसण्याचं कारण मी दादाच्याच बायबलातून घेते. “तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.” या वचनाला परिस्थिती पाहून सूट दिलेली नाही. ज्यांच्यासमोर येशू ते बोलला, ते रोमी सत्तेखाली जगत होते.

मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहते. इथे कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्ब ठेवणारे आणि बॉम्बने मेलेले, दोघेही “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणत लहानाचे मोठे झाले. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यामुळे ख्रिस्ती मुलूख आपोआप क्षमाशील असतो असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्याच तीस वर्षांत एनिस्किलनचा गॉर्डन विल्सनही होऊन गेला. ८ नोव्हेंबर १९८७, रिमेंब्रन्स संडे, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार. कापडाचं दुकान चालवणारा हा मेथडिस्ट माणूस आपल्या वीस वर्षांच्या मुलीचा हात धरून बॉम्बस्फोटाच्या ढिगाऱ्याखाली पडला होता. मुलगी गेली, माझ्यासारखीच नर्स होती. बाप त्या रात्री बीबीसीला म्हणाला, की माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही, त्या माणसांसाठी मी आज आणि रोज रात्री प्रार्थना करीन. बॉम्बने घरचं माणूस गमावलेल्या काहींना त्याचं बोलणं झोंबलं, आणि त्यांचं झोंबणंही खरं होतं. विल्सन तिथे थांबला नाही. १९९३ साली तो, ज्यांनी तो बॉम्ब ठेवला त्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या माणसांना समोरासमोर भेटला, हे थांबवा म्हणून विनवलं आणि निराश होऊन परतला. त्याच वर्षी डब्लिनच्या सरकारने त्याला सिनेटवर घेतलं. आपल्याकडे नौदल अधिकाऱ्याच्या त्या पत्नीला काय मिळालं, ते वर लिहिलंच आहे.

दादा यावर म्हणतो, “म्हणजे अतिरेक्यांना सोडून द्यायचं?” इथेच सगळी गल्लत आहे. एनिस्किलनच्या बॉम्बबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही, आणि त्याची चीड इथे अजून जिवंत आहे. लंडनने २०२३ साली कायदा करून जुन्या खुनांच्या आरोपींना अटींवर अभय देऊ केलं, तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इथले सगळे मोठे पक्ष एका बाजूला उभे राहिले. मुद्दा साधा होता: माझ्या मुलीच्या खुन्याला क्षमा करायची की नाही हे मी ठरवीन, सरकारने माझ्या वतीने ती वाटू नये. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सूड देवाकडे सोपवायला सांगतो, आणि तेराव्यात लगेच म्हणतो की अधिकारी तलवार व्यर्थ धारण करत नाही. गुन्हेगाराला न्यायालयापुढे उभं करणं हे राज्याचं काम. त्याच्या जातभाईंची घरं शोधत फिरणं हे कुणाचंच काम नाही.

आणि हे मी गोऱ्यांकडून शिकून आले असं दादाला वाटत असेल, तर ग्लॅडिस स्टेन्स त्याला आठवाव्यात. जन्माने ऑस्ट्रेलियन, पण परीक्षा ओडिशात झाली. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरला मिशनरी नवरा आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं जमावाकडून गाडीत जिवंत जाळली गेली. बाईंनी क्षमा केली, बारीपद्यात राहून कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालवली. खटला मात्र चालला आणि त्या जमावाचा म्होरक्या दारा सिंगची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. बाईंच्या क्षमेने त्याची एक दिवसाचीही शिक्षा कमी झाली नाही. त्याच बाईंना २००५ साली भारताने पद्मश्री दिली. त्या देशाला मी आपला म्हणते.

“लांबून बोलायला सोपं,” हे दादाचं शेवटचं अस्त्र, आणि ते लागतं. मी तिथल्या रस्त्यावर नाही. पण इथल्या रस्त्यावर आहे. जून २०२५ मध्ये इथल्याच बॅलिमीना गावात एका मुलीवरच्या लैंगिक हल्ल्याचा आरोप दोन रोमानियन भाषक मुलांवर आला आणि जमाव परक्यांची घरं जाळत सुटला. लोकांनी दारांवर कागद चिकटवले: इथे स्थानिक राहतात, इथे फिलिपिनो राहतात. आपणही ‘भारतीय’ असा कागद लावावा का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्या कागदाचा अर्थ एवढाच होतो, की पुढच्या दाराकडे जा. रात्री झोप लागली नाही, आणि घरं जाळणाऱ्या त्या पोरांविषयी जे मनात येत होतं ते देवापुढेही उच्चारवेना. तरी सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, दात आवळून केली. रविवारी चर्चमध्ये सगळे प्रेमाने चौकशी करतात, ‘तुमचे लोक सुरक्षित आहेत ना’ म्हणतात. तिकडे ख्रिस्ती म्हणून मी थोडी परकी, इकडे बाकी सगळ्या गोष्टींनी परकी. दादा तिकडे राहून तो कागदच लावायला सांगतो आहे.

पहलगामनंतर अनेक राज्यांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, खोल्या सोडाव्या लागल्या. ती पोरं कुणाची तरी पुढची दारं होती.

नाताळात मी येते आहे. उपासनेतल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत पहलगामचे मृत, ती तरुण विधवा, ती काश्मिरी पोरं आणि ते मारेकरीही यावेत, अशी विनंती मी पाळकसाहेबांना लिहून पाठवली आहे. दादाचा विरोध आहे, आणि त्यानेही तो पाळकसाहेबांना कळवला आहे.