‘गर्डर जाड घ्या, जोड साइटवर बघू’ या सल्ल्याला उत्तर

लोखंडी शेड, मेझनाइन (शेडमधला मधला मजला) आणि क्रेन गँट्रीची (क्रेन ज्यावर चालते त्या गर्डरांची) कामं करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: लोड म्हणजे वजन, ते अंदाजाने कळतं. शंका आली तर सेक्शन, म्हणजे गर्डरचं माप, एक नंबर वरचा घ्यावा. जोडाला बोल्टपेक्षा चारही बाजूंनी वेल्ड मारावा. हावडा ब्रिजमध्ये एकही नट-बोल्ट नाही, तरी तो उभा आहे. आणि काही राहिलंच तर फॅक्टर ऑफ सेफ्टी (सुरक्षेसाठी हिशेबात धरलेली जादा ताकद) सांभाळून घेतो, म्हणून जोडाच्या गणितावर पैसे घालवू नयेत. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘अनुभवाचे बोल’.

यातला एकेक मुद्दा घेऊ.

लोड म्हणजे वजन, हे पत्र्याच्या शेडबाबत तर जवळपास उलटं आहे. छपराचा पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे लोखंडी आधार) मिळून चौरस मीटरला साधारण 10 ते 15 किलो भरतात. इमारतींवरच्या लोडचं भारतीय मानक म्हणजे आयएस 875, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे, मुंबईसाठी 44. दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले 0.6, उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला 9.81ने भागलं की किलो. इतर गुणक 1 धरले तर पुण्यात चौरस मीटरला सुमारे 93 किलो येतात, मुंबईत 118. कमी उताराच्या छपरावर हे बल बरेचदा वरच्या दिशेने ओढतं, आणि शटर उघडं असेल तर आतून ढकलणारा दाब त्यात मिळतो. म्हणजे 15 किलोचं छप्पर खाली बसवायचं नसून त्याच्या कितीतरी पट ओढीविरुद्ध धरून ठेवायचं आहे. म्हणूनच आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या मानकात स्वतःचं वजन 0.9 पट आणि वारा 1.5 पट असं एक संयोजन मुद्दाम तपासायला लावलं आहे. फाउंडेशन बोल्ट किती खोल हवेत हे बहुतेक शेडांत तिथे ठरतं, आणि अंदाजाने काम करणारा नेमका तोच हिशेब सोडून देतो.

मे 2024मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पायापासून कोसळलं आणि 17 माणसं गेली. ते 120 फूट बाय 120 फूट होतं, म्हणजे सुमारे 1,340 चौरस मीटर. मुंबईचा 118 किलोचा दाब त्यावर लावून बघा: आकारगुणक धरायच्या आधीच आडवं बल दीडशे टनांच्या पुढे जातं. ‘वजन’ या शब्दात हे बल कुठेच बसत नाही. लोखंड किती जाड होतं हा प्रश्नही इथे मागे पडतो, कारण वारा खांबातून पायात आणि पायातून जमिनीत कसा उतरणार याचा हिशेब पहिल्यांदा लागतो.

सेक्शन एक नंबर वरचा, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. 6 मीटरच्या गाळ्यावर (दोन आधारांमधल्या अंतरावर) आयएसएमबी 300, म्हणजे 300 मिमी उंचीचा आय-आकाराचा गर्डर, टाकला आहे असं धरू. वरचा फ्लँज (आय-आकाराची आडवी पट्टी) स्लॅबने धरलेला असेल, तर वाकण्याच्या ताकदीपुरता तो मीटरला सुमारे 33 किलोन्यूटन घेतो (1 किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोचं बल), सुरक्षागुणकाने वाढवलेला लोड. पूर्ण गाळ्याचे झाले सुमारे 198, म्हणजे ढोबळमानाने 20 टन. प्रत्येक टोकाला प्रतिक्रिया 99 किलोन्यूटन. आता टोकाला काय आहे ते बघा. एक क्लीट (गर्डर खांबाला जोडणारा लोखंडी तुकडा) आणि 16 मिमीचे दोन बोल्ट, ग्रेड (ताकदीचा दर्जा) 4.6, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात न विचारता मिळतात ते. आट्यांचा भाग कातरणीत, म्हणजे बोल्ट आडवा कापू पाहणाऱ्या बलाखाली, येतो असं धरलं तर असा एक बोल्ट 29 किलोन्यूटन घेतो. दोन मिळून 58. क्लीटच्या विकेंद्रतेने (भार बोल्टांच्या रेषेपासून बाजूला पडल्याने) वाढणारा ताण अजून धरलेलाही नाही.

म्हणजे 20 टनांच्या गर्डरची खरी किंमत 12 टनसुद्धा उरली नाही. आता ‘वरचा नंबर’ म्हणून आयएसएमबी 400 टाका. बोल्ट तेच दोन, ताकद तीच 58. उलट गर्डरचं स्वतःचं वजन मीटरला 44 किलोवरून 61 किलोच्या पुढे गेलं आणि तेही त्याच दोन बोल्टांवर आलं. शिवाय गर्डर जाडजूड दिसतो म्हणून मालक त्यावर अजून एक मशीन चढवतो.

मग बोल्ट सोडा, वेल्ड मारा? वेल्ड ताकदवान असतो यात वाद नाही. 6 मिमीचा फिलेट वेल्ड (दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला), 100 मिमी प्रभावी लांबी, शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, केलेला असेल तर सुमारे 79 किलोन्यूटन घेतो. हाच वेल्ड साइटवर, शिडीवर उभं राहून, वाऱ्यात मारला की हिशेबात 66 धरायचा, कारण आयएस 800 शॉपच्या वेल्डला 1.25 आणि साइटच्या वेल्डला 1.5 सुरक्षागुणक लावतो. मानकाला वेल्डरची परिस्थिती माहीत आहे, त्या मेसेजला नाही. भारी कामात आणखी एक गोष्ट येते. जाड प्लेट उष्णता पटकन ओढून घेते, वेल्ड झपाट्याने थंड होतो आणि तडकू शकतो. म्हणून जाडीनुसार वेल्डचं किमान माप दिलेलं असतं, 25 मिमीच्या प्लेटला 3 मिमीचा टाका चालत नाही.

चारही बाजूंनी वेल्ड मारण्यात तर वेगळीच गोम आहे. गर्डर टोकाला मोकळा टेकलेला आहे असं धरून डिझाइन केलेलं असतं. त्याचे दोन्ही फ्लँज खांबाला जखडले की टोक फिरू शकत नाही, तिथे मोमेंट (वाकवणारं बल) तयार होतो आणि तो खांबात शिरतो. खांबाचं गणित त्या मोमेंटसाठी केलेलंच नसतं. जोड मजबूत केला या समाधानात आपण खांबाच्या डोक्यावर नवं लोड चढवलेलं असतं.

हावडा ब्रिजचं उत्तर थोडक्यात. 1943 साली खुला झालेला, साडेचारशे मीटरचा मुख्य गाळा, सुमारे 26,500 टन पोलाद, त्यातलं बरंचसं टाटांचं, आणि जोड रिव्हेटचे (तापवून ठोकून बसवलेल्या खिळ्यांचे). रिव्हेटलाही कातरणी आणि प्लेटवरचा दाब दोन्ही तपासावे लागतात, आणि कुठल्या जोडात किती रिव्हेट हे गणितानेच ठरतं. नट-बोल्ट नाहीत म्हणजे गणित नाही, हा अर्थ कुणी काढला कोण जाणे.

आता ‘साइटवर बघून घेऊ’. याचं उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, हयात रीजन्सी हॉटेलमध्ये, 17 जुलै 1981च्या संध्याकाळी मिळालं. लॉबीत हवेत लटकणारे पादचारी पूल होते, दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्याच्या बरोबर खाली. मूळ नकाशात छतापासून खालपर्यंत एकच लांब सळई होती. ती चौथ्याच्या आडव्या बीममधून आरपार जाऊन दुसऱ्यापर्यंत पोचायची. चौथ्याच्या बीमखालचा नट फक्त चौथ्या पुलाचा भार घेणार होता, कारण दुसऱ्याचा भार सळईतून थेट छतात जात होता. पण एवढ्या लांब सळईला मधोमध नट चढवायचा तर खालपासून तिथपर्यंत आटे पाडावे लागतात. म्हणून फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंडी भाग बनवण्याच्या, टप्प्यावर बदल सुचवला गेला: दोन सळया करा. एक छतापासून चौथ्यापर्यंत, दुसरी चौथ्याच्या बीमपासून खाली दुसऱ्यापर्यंत.

पूल तेच, माणसं तेवढीच, वरच्या सळईतला एकूण ताणही तेवढाच. फक्त चौथ्याच्या बीमखालच्या नटावर आता दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. हा बीम दोन चॅनल तोंडाला तोंड लावून, वेल्ड करून बनवलेला होता आणि सळईचं भोक नेमकं त्या वेल्डमधून गेलं होतं. नट बीम फाडून वर निघून गेला. 114 माणसं मेली, दोनशेच्या वर जखमी झाली. चौकशीत दिसलं की मूळ जोडही नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होता, बदलानंतर तो त्याच्याही निम्म्यावर आला. बदल कागदावर मंजूर झाला होता, पण त्या जोडाचं गणित कुणीच केलं नव्हतं. इंजिनिअर म्हणत होता ते फॅब्रिकेटरचं काम, फॅब्रिकेटर समजत होता इंजिनिअरने ते पाहिलं आहे. आपल्याकडे ड्रॉइंगवर ‘जोड साइटप्रमाणे’ असं लिहून मोकळे होणारे सल्लागार आहेत, आणि त्यांच्यावर कुणाला राग येत असेल तर तो मला पूर्ण मान्य आहे. पण त्या रागाचं औषध म्हणून गणितच सोडायचं?

फॅक्टर ऑफ सेफ्टी सांभाळून घेईल, हा शेवटचा आधार. तो गुणक पोलादाच्या दर्जातला फरक आणि लोडमधला चढउतार यांच्यासाठी असतो, न केलेल्या गणितासाठी नाही. कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा मुख्य गाळा 1,600 फुटांवरून 1,800 केला, पण वाढलेलं वजन धरून हिशेब वेळेत पुन्हा केला नाही. 29 ऑगस्ट 1907ला बांधकाम चालू असतानाच पुलाच्या सांगाड्यातला दाब घेणारा खालचा भाग चेपला आणि 75 कामगार गेले. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा पूल 1967 ते 2007 असा चाळीस वर्षं चालला. त्याच्या काही गसेट प्लेटा (सांगाड्याचे भाग एकत्र जोडणाऱ्या प्लेटा) अर्धा इंच जाड होत्या, हव्या होत्या एक इंचाच्या. दरम्यान डेकवर (पुलाच्या रस्त्यावर) काँक्रीटचा जादा थर चढला, आणि 1 ऑगस्ट 2007ला दुरुस्तीचं सामान डेकवर रचलेलं असताना पूल नदीत गेला. तेरा मृत्यू. गर्डर नव्हे, गसेट.

राहिला पैसा. वरच्या उदाहरणात आयएसएमबी 300च्या जागी 400 घेतला तर 6 मीटरच्या एका गर्डरमागे सुमारे 104 किलो पोलाद वाढतं आणि जोडाची ताकद जागच्या जागी राहते. त्याऐवजी 300च ठेवा आणि 16 मिमी बोल्टांच्या त्याच भोकांत 8.8 ग्रेडचे बोल्ट घाला. एक बोल्ट 58 किलोन्यूटन घेतो, दोन मिळून 116, गरज 99ची. विकेंद्रतेसाठी तिसरा घाला आणि प्लेटवरचा दाब तपासा. खर्च टोकाला तीन बोल्टांचा. आणि स्टोअरमधून बोल्ट घेताना डोक्यावर 8.8 कोरलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या, कारण 4.6चा बोल्टही त्या भोकात तितकाच छान बसतो.